केटल फोर्कची एकुलती एक नोट

अलोइस क्रायचेकचं नाक चार वेळा मोडलं. पहिल्यांदा बापाने मोडलं, दुसऱ्यांदा अर्धवट मेलेल्या डुकराने लाथ मारून, तिसऱ्यांदा पोल्का हॉलमधल्या ढोलवाल्याने आणि चौथ्यांदा पाच डॉलरच्या एका नोटेपायी. पहिल्या तीन खेपांचं मी ऐकूनच सांगू शकतो. चौथ्या खेपेला मात्र मी स्वतः हातात गोठलेली डुकराची मांडी धरून चार पावलांवर उभा होतो, त्यामुळे तिथलं माझ्याइतकं खरं तुम्हाला कोणी सांगणार नाही.

आमचं केटल फोर्क म्हणजे नेब्रास्कातलं दोनशे साठ माणसांचं गाव. त्यातले निम्मे चेक, उरलेले जर्मन आणि डॅनिश. भांडायला सगळे सारखेच तयार. अलोइस आणि मी एका खोलीच्या शाळेत एका बाकावर आठ वर्षं बसलो. त्याला बेरीज यायची नाही, पण कोंबडीचं कुठलं हाड कुठल्या हाडाला लागतं ते सहाव्या वर्षी तोंडपाठ होतं. बाप दारू पिऊन आला की घोड्याच्या पट्ट्याने मारायचा. सोळाव्या वर्षी अलोइसने तो पट्टा हातातून ओढून घेतला, बापाला गोठ्याच्या खांबाला बांधलं आणि शेजारी सांगून आला, "दूध काढायच्या वेळेला सोडा." पुन्हा त्याला कोणी घरात हात लावला नाही.

लग्नही मारामारीतूनच जमलं. लिबी तेव्हा ढोलवाल्याची मैत्रीण. अलोइसने तिला नाचायला विचारलं, ढोलवाल्याने काठी फेकून त्याचं नाक फोडलं, अलोइसने ढोलासकट ढोलवाल्याला खिडकीतून बाहेर दिलं. खिडकी बंद होती. लिबी म्हणाली, "आता तूच नाच माझ्याबरोबर, वाजवायला कोणी राहिलं नाही." वाजवायला ॲकॉर्डियनवाला राहिला होता, पण तो टेबलाखाली होता.

हार्लन ब्रूनच्या खाटीकखान्यात अलोइस एकतीस वर्षं राबला. शेतकऱ्याने डुक्कर आणायचं, अलोइसने ते मारायचं, सोलायचं, कापायचं, पांढऱ्या कागदात बांधून गोठवायचं. त्याचा एकच हट्ट होता. कागदावर रक्ताचा ठिपका दिसता कामा नये. इतर खाटकांची पुडकी गुलाबी पडतात, याचं पुडकं लग्नाच्या आहेरासारखं पांढरंफेक. एकसष्ट साली विजेच्या करवतीने त्याची करंगळी उडाली, तेव्हा ओरडत बसण्याऐवजी त्याने आधी करंगळी थंड पाण्याने धुतली, कागदात बांधली, दोरी मारली आणि वर लिहिलं, 'विकायची नाही.' डॉक्टरच्या टेबलावर ते पुडकं ठेवलं तेव्हा त्यावर एक डाग नव्हता. अलोइसच्या पँटवर मात्र डुक्कर कापल्यासारखं रक्त होतं.

शहाऐंशी सालच्या मार्चमध्ये ब्रूनने खाटीकखाना विकायला काढला. चौऱ्याहत्तर वर्षांचा झाला होता, त्याला ॲरिझोनाचं ऊन पाहिजे होतं. भिंती, हौद, करवत, शीतघर, सगळ्याचे साडेसात हजार. कोलंबसचा एक टायरवाला साडेसहा द्यायला तयार होता. त्याला नुसत्या भिंती हव्या होत्या, टायर रचायला.

अलोइस म्हणाला, "हार्लन, मी एकतीस वर्षं इथे आहे. मला दे."

"देतो की. महिनाअखेर साडेसात आण, किल्ली घे."

"माझ्याकडे नऊशे आहेत."

"मग टायर बघायला ये अधूनमधून."

सत्तावन्न वर्षांचा, नऊ बोटांचा खाटीक. त्याला दुसरीकडे कोण ठेवणार? लिबी सांगायची, तो आठवडाभर जेवताना बोललाच नाही, नुसती सुरी परजत बसायचा, आणि ती कशावर पडेल याचा तिला भरवसा नव्हता.

त्याच महिन्यात म्हातारा हायनेक पोस्पिशिल मेला. बिनलग्नाचा, एकटा, गावाबाहेर राहायचा. दोन जिल्हे पलीकडून त्याचे दोन पुतणे आले, ड्वेन आणि मर्ल. काका जिवंत असताना कधी न आलेले, अंगाने दोघेही कणगीएवढे. त्यांनी घाईघाईने अंगणात लिलाव मांडला. लिलाव पुकारायला कर्नल प्रुइट. हा काही सैन्यातला कर्नल नव्हे, आमच्याकडे लिलाववाल्याला कर्नलच म्हणतात. आवाज असा की कुजबुजला तरी कुत्री भुंकायची.

लिलावात शेवटी खोकी निघतात. उरलासुरला कचरा खोक्यात भरतात आणि न उघडता विकतात. कर्नल गाडीवर उभा राहून दर वेळी तेच ओरडायचा, "तळाशी निघेल ते घेणाऱ्याचं! साप निघाला तरी परत घेणार नाही, सोनं निघालं तरी मागणार नाही!" हा कायदा कुठे छापलेला नाही, पण आमच्याकडे एकवेळ बायको परत मागतील, खोकं मागणार नाहीत.

एका खोक्यातून जुन्या सुरीची मूठ वर आली होती. अलोइसने ते दीड डॉलरला घेतलं. आत सुरी, गंजका सापळा, तीन पंचांगं आणि चेक भाषेतलं प्रार्थनेचं पुस्तक. त्या पुस्तकात पाच डॉलरची मोठाली, मागून तपकिरी नोट.

अलोइस खूश. दीडाचे पाच झाले. तडक दारूच्या गुत्त्यावर गेला आणि नोट काउंटरवर ठेवून म्हणाला, "सगळ्यांना एकेक बिअर."

नशीब बघा, शेजारी कर्नल उभा होता. त्याने नोट उचलली, नाकाशी धरली आणि त्याचा तो आवाज सुटला, "अरे देवा! केटल फोर्कच्या बँकेची नोट!"

आमच्या आजोबांच्या काळी सरकारने गावोगावच्या बँकांना आपापल्या नावाच्या नोटा काढायची मुभा दिली होती. वॉशिंग्टनहून चार-चार नोटांचे कोरे ताव यायचे. बँकेचा अध्यक्ष आणि कॅशियर प्रत्येक नोटेवर टाकाने सही करायचे, मग कात्रीने कापून लोकांना द्यायचे. आमची बँक सात वर्षं चालली आणि बंद पडली. नोटा लोकांनी खर्चल्या, फाटल्या तशा परत गेल्या. एकही उरली नाही असंच सगळे धरून चालले होते.

कर्नलने खिशातून एक कार्ड काढलं. लिंकन शहरात डॉक्टर गिलेस्पी नावाचा दातांचा डॉक्टर होता. नेब्रास्कातल्या प्रत्येक गावच्या बँकेची एकेक नोट जमवायची, हे त्याचं वेड. राज्यातल्या सगळ्या लिलाववाल्यांना त्याने कार्डं वाटली होती, त्यांच्या पाठीवर न मिळालेल्या गावांची यादी. यादीत केटल फोर्क पहिलं.

गुत्त्यावरूनच फोन झाला. डॉक्टर म्हणाला, "दोन्ही सह्या दिसतात?"

"दिसतात. चहासारख्या तांबूस झाल्यात," अलोइस म्हणाला.

फोनवर पेन्सिलीने यादीवर खूण केल्याचा आवाज आला. मग, "नऊ हजार. गुरुवारी येतो. दुसऱ्या कोणाला दाखवू नका."

दाखवायचं काय राहिलं होतं? कर्नल "नऊ हजार!" असं ओरडला ते चर्चपर्यंत ऐकू गेलं. अलोइस खुर्चीवर बसला आणि सुरी परजणारा तो माणूस ढसाढसा रडला. म्हणाला, "माझा खाटीकखाना आला." नोट पांढऱ्या कागदात गुंडाळून त्याने सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि बुधवारपर्यंत ती तिथून हलली नाही. झोपतानाही सदरा अंगावर. लिबी म्हणायची, "नवऱ्याजवळ झोपते की तिजोरीजवळ, कळेना."

बुधवार म्हणजे मारण्याचा दिवस. मी माझं अर्धं डुक्कर न्यायला गेलो होतो. ब्रून घरी होता. अलोइसने एका दोनशे किलोच्या डुकराला नुकतंच टांगलं होतं, गळ्याखाली रक्ताची बादली, पलीकडे कढत पाण्याचा हौद, आणि एका टबात आतडी. दार लाथेने उघडलं. पोस्पिशिल बंधू.

ड्वेन म्हणाला, "काय रे खाटका, आमच्या काकाची नोट कुठाय?"

"खोक्यात होती. खोकं माझं आहे."

"खोकं ठेव. नोट दे."

"कर्नलने काय पुकारलं ते ऐकलं नाहीस? कान आहेत ना? की तेही खोक्यात घालून विकलेस?"

ड्वेनने उत्तर दिलं ते मुठीने. नाक मोडल्याचा आवाज मी ऐकला, वाळकी काटकी मोडावी तसा. रक्ताची धार हनुवटीवरून सरळ सदऱ्याच्या खिशात. अलोइस मागे गेला, टांगलेल्या डुकराला आपटला आणि डुकरासकट पुढे आला. ते दोनशे किलो झोका घेऊन ड्वेनच्या छातीवर बसलं तेव्हा तो रक्ताच्या बादलीत पाय घालून आडवा झाला. तेवढ्यात मर्लने भिंतीवरचं लाकडी आडं ओढलं, ज्यावर डुक्कर टांगतात ते, आणि अलोइसच्या तोंडावर घातलं. पुढचे दोन दात माझ्या बुटावर येऊन पडले.

मग मी काय प्रार्थना म्हणत बसणार? हातात गोठलेली मांडी होती, ती मर्लच्या कानामागे ठेवून दिली. तो वळला. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, हो, आश्चर्य होतं. "आजोबा, तुम्हीसुद्धा?" म्हणाला. मी म्हटलं, "बाळा, माझं अर्धं डुक्कर इथे आहे." आणि दुसरी ठेवली. तो आतड्यांच्या टबात बसला. बसला तो निघेना, निसरडं फार.

ड्वेन उठला होता. गुडघ्यापर्यंत लाल. त्याने अलोइसचा गळा धरून त्याला हौदाकडे रेटलं. अलोइसच्या पाठीला वाफ लागत होती. दोन्ही हात मोकळे असून तो मारत नव्हता, एका हाताने खिसा दाबून धरला होता! मी ओरडलो, "अरे गाढवा, दोन्ही हात वापर!" त्याने दात वापरले, जे उरले होते ते. ड्वेनच्या कानाची पाळी तोडून थुंकला आणि त्याचाच हात धरून कोपरापर्यंत कढत पाण्यात बुडवला. ड्वेनची किंकाळी ऐकून रस्त्यापलीकडच्या न्हाव्याने गिऱ्हाइकाची अर्धी मिशी उडवली. ते गिऱ्हाईक म्हणजे आमचा हवालदार, डेप्युटी सोरेन्सन. अर्ध्या मिशीनेच आत आला.

"कोणी सुरू केलं?"

मी टांगलेल्या डुकराकडे बोट केलं.

सोरेन्सनने डुकराकडे पाहिलं, पुतण्यांकडे पाहिलं, फरशीवरच्या कानाच्या तुकड्याकडे पाहिलं. तोही खोकी घेणाराच माणूस. पुतण्यांना म्हणाला, "काकाचं खोकं विकून परत मागणाऱ्यांना या जिल्ह्यात तुरुंगापेक्षा बाहेर जास्त धोका आहे. जा." ते गेले. पुढे ड्वेनच्या हाताची कातडी कधी नीट आली नाही म्हणतात. मला त्याचं वाईट वाटायला हवं, आणि वाटेलही एखाद दिवशी.

आता ऐका. एवढा मार खाल्ला, नाक गेलं, दात गेले, पण नोट गेली नाही. अलोइस घरी आला, कागद उघडला. नोटेचा डावा कोपरा रक्ताने भिजलेला. दीडेक इंच डाग, बस्स. जॉर्ज किंवा हेन्री, कोण तो चित्रातला गृहस्थ, त्याच्या खांद्यापर्यंत.

माझ्यासारखा माणूस असता तर नोट तशीच वाळत टाकून दारू प्यायला गेला असता. पण एकतीस वर्षं ज्याने गिऱ्हाइकाच्या हातात लाल ठिपका दिला नाही, तो नऊ हजारांच्या गिऱ्हाइकाला रक्ताळलेला कागद देईल? लिबी म्हणाली, "अलोइस, राहू दे. डॉक्टर माणूस आहे, रक्त बघितलेलं असतं त्याने."

"लिबी, घाणेरडा माल मी विकत नाही. तू मला शिकवू नकोस रक्त कसं काढायचं."

आणि ते त्याला येतही होतं, हे कबूल केलं पाहिजे. आधी थंड पाणी, मग मीठ, मग पेरॉक्साइडचा फेस, मग घरच्या चरबीचा साबण, मऊ ब्रशने, दोन्ही बाजूंनी. कोपराच का, सगळीच नोट, नव्वद वर्षांचा मळ तरी का ठेवायचा? शेवटी खळ घातली आणि मंद इस्त्री फिरवली. नोट कडक झाली, चर्चमधल्या कॉलरसारखी. एक थेंब दिसेल तर शपथ.

गुरुवारी दुपारी डॉक्टर गिलेस्पी आला. किडकिडीत, टायवाला, हातात कातडी पेटी. आत आल्या आल्या अलोइसच्या तोंडाकडे बघून म्हणाला, "वरचे दोन. कधी?"

"काल. बसा, डॉक्टरसाहेब. कोलाचे घ्या, आमचे गोड पाव, लिबीने भाजलेत."

डॉक्टरने पांढरे हातमोजे चढवले, चिमटा काढला, भिंग काढलं. अलोइसने टेबलावर नोट ठेवली, ताटात ठेवावी तशी. डॉक्टर वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग नोट नाकाशी धरली.

"साबण?" तो म्हणाला.

"घरचा," अलोइस म्हणाला. छाती फुगली होती.

"सह्या कुठायत?"

"कुठल्या?"

"टाकाच्या सह्या! अध्यक्षाची, कॅशियरची! फोनवर तुम्हीच म्हणालात, दिसतात!"

"ते तांबूस डाग होय? निघाले. जरा घासावं लागलं."

डॉक्टर हळूच खुर्चीवर बसला. हातमोजे काढले, पुन्हा घातले, पुन्हा काढले. "अठ्ठावीस वर्षं," तो म्हणाला. "अठ्ठावीस वर्षं मी या एका नोटेची वाट बघतोय. आणि तुम्ही तिला न्हाऊ घातलंत."

"रक्त लागलं होतं."

"रक्त असू दे की! रक्ताचे मी पाचशे कापले असते! साडेआठ दिले असते हसत! भोक चालतं, घडी चालते, उंदराने खाल्लेला कोपरा चालतो. धुतलेली चालत नाही. धुतली म्हणजे मेली!"

मी दारात होतो. अलोइसच्या मानेवरची शीर मी पहिल्यांदा इतकी जाड बघितली. त्याने भिंतीवरचा कोयता उतरवला. डॉक्टर टेबलाखाली गेला, पोल्का हॉलमधल्या ॲकॉर्डियनवाल्याइतक्याच चपळाईने. पण कोयता डॉक्टरसाठी नव्हता. अलोइसने इस्त्रीच्या फळीवर पहिला घाव घातला, मग दुसरा, मग मोजले नाहीत. फळीचं सरपण झालं, मग साबणाची वडी दोन तुकडे, मग इस्त्री. इस्त्रीवर कोयत्याचं पातं तुटलं आणि उडून लिबीच्या डोक्यावरून भिंतीत रुतलं.

लिबी जागची हलली नाही. म्हणाली, "झालं? आता माझ्याकडे मूठ वळव, म्हणजे घरातलं सगळं मोडून होईल. डुकराला मारायला अक्कल लागत नाही, कागदाला लागते. मी सांगत होते, राहू दे."

अलोइस खाली बसला. हातात नुसती मूठ. "मी चांगली करायला गेलो, लिबी," तो म्हणाला. "मला वाटलं, चांगली केली."

टेबलाखालून आवाज आला. "ती एकच आहे." डॉक्टरचं डोकं बाहेर आलं. "धुतलेली, मेलेली, पण एकच आहे. माझ्या यादीतलं केटल फोर्क रिकामं राहणार, नाहीतर ही. चौदाशे."

"नऊ हजारांचे चौदाशे?" अलोइस उठू लागला. डॉक्टरचं डोकं परत आत.

लिबीने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बसवला आणि टेबलाखाली वाकली. "डॉक्टरसाहेब, सोळाशे. आणि याचे वरचे दोन दात तुम्ही बसवून द्यायचे, फुकट. तुमच्या नोटेपायीच गेलेत."

"मी नव्हतं सांगितलं मारामारी करायला!"

"तुम्ही 'धुऊ नका' असंही नव्हतं सांगितलं."

टेबलाखाली माणूस फार घासाघीस करू शकत नाही. "सोळाशे. आणि दात."

सोळाशे आणि घरचे नऊशे, पंचवीसशे. शनिवार उजाडला, महिना संपायला दोनच दिवस उरले. आम्ही ब्रूनकडे गेलो तेव्हा टायरवाला आधीच फीत घेऊन भिंती मोजत होता, आणि ब्रून मोजू देत होता. अलोइस म्हणाला, "हार्लन, भिंती त्याला दे. त्याला हौद, करवत, डुकरं टांगायचे आकडे नको आहेत. ते मला दे. पंचवीसशे."

ब्रून खूश झाला. दोनदा विकायला मिळालं की कोण नाही होत? पण टायरवाला म्हणाला, "थांबा. करवत जमिनीत बोल्टने बसवलेली आहे. जमिनीला बसवलेलं ते इमारतीचं. करवत माझी. भंगारात दोनशे येतील."

आणि ब्रून म्हणाला, "बरोबर आहे त्याचं, अलोइस. करवत वगळून बाकीचं घे. पंचवीसशेच."

एकतीस वर्षांत अलोइस ब्रूनला उलट शब्द बोलला नव्हता. त्या करवतीने त्याचं बोट खाल्लं होतं. त्याने एकदाच मारलं, उघड्या हाताने, पण तो हात दिवसाला सहा डुकरं उचलणारा. ब्रून मिठाच्या पोत्यांवर जाऊन पडला. टायरवाल्याने लोखंडी पहार उचलली. अलोइसने ती त्याच्या हातातून घेतली, उलटी करून टोक बोल्टखाली घातलं आणि दाबलं. पहिला बोल्ट सुटून काचेतून बाहेर गेला. टायरवाला त्याच्यामागे दारातून.

ब्रून पोत्यांवरून ओठ पुसत म्हणाला, "दार फोडू नकोस. टायरवाल्याला दारासकट विकलंय. घे ती करवत, आणि पैसे ठेवून जा."

आम्ही सहा जणांनी करवत उचलली. माझा अंगठा सापडला, नख अजून वाकडं आहे. अलोइसच्या मागच्या पडवीत ती बसवली, शेजारी हौद, वर आकडे. सोमवारी सकाळी सातला डेप्युटी सोरेन्सन पहिलं डुक्कर घेऊन आला. अलोइसने हाताचा विळखा घालून डुकराला फळकुटावर उताणं पाडलं, गुडघा मानेवर दिला आणि सुरी घातली. तोंड सुजलेलं, वर दातांची जागा रिकामी.

"किती द्यायचे?" सोरेन्सनने विचारलं.

अलोइसने सुरी पुसली. हा प्रश्न त्याला एकतीस वर्षांत कोणी विचारलाच नव्हता. तो ब्रूनला विचारायचे.

"थांब," तो म्हणाला, "लिबीला विचारून सांगतो."